अणुकारखाना मोडताना धूळ कशी आवरायची?

अणुभट्टी किंवा अणुइंधनाचा कारखाना बंद झाला की त्यापासूनचा धोकाही संपला, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कारखाना चालू असतो तेव्हा घातक द्रव्ये पोलादी टाक्या, बंद नळ्या आणि जाड भिंती यांच्या आत कोंडलेली असतात. तो मोडीत काढायचा म्हणजे हीच आवरणे एकेक करून कापायची, उचकटायची आणि पाडायची. आजवर ज्या भिंतींनी संरक्षण दिले, त्याच भिंती या कामात ढिगाऱ्याचा भाग होतात. त्यामुळे अणुप्रकल्प मोडीत काढणाऱ्यांची खरी लढाई असते ती धुळीशी. ही लढाई किती चिवट असते आणि थोड्याशा घाईची किंमत कशी मोजावी लागते, याचे अलीकडच्या काळातील बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील हॅनफोर्ड येथील प्लुटोनियम फिनिशिंग प्लँट.

हॅनफोर्डचा वारसा

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी हॅनफोर्डचा परिसर पसरला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिपटीच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्ब तयार करण्यासाठी हाती घेतलेल्या 'मॅनहॅटन प्रकल्पा'साठी १९४३ मध्ये ही जागा ताब्यात घेण्यात आली. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधील प्लुटोनियम येथेच तयार झाले होते. युद्धानंतरही शीतयुद्धाच्या काळात येथील अणुभट्ट्या धडधडत राहिल्या. प्लुटोनियम उत्पादनासाठी येथे एकूण नऊ अणुभट्ट्या चालविण्यात आल्या आणि त्यांतील शेवटची १९८७ मध्ये बंद झाली.

या साखळीतील अखेरचा दुवा म्हणजे १९४९ मध्ये सुरू झालेला प्लुटोनियम फिनिशिंग प्लँट. अणुभट्टीतून निघालेल्या इंधनापासून रासायनिक प्रक्रियेने वेगळे केलेले प्लुटोनियम येथे द्रावणाच्या रूपात येत असे. त्याचे रूपांतर धातूच्या चपट्या गोल चकत्यांत किंवा भुकटीत करून ते अण्वस्त्रांच्या कारखान्यांकडे पाठविले जाई. अमेरिकेने शीतयुद्धकाळात साठविलेल्या प्लुटोनियमपैकी सुमारे दोन-तृतीयांश प्लुटोनियम या एका कारखान्याच्या हाताखालून गेले.

१९८९ मध्ये येथील उत्पादन थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेचे ऊर्जा खाते, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्याचे पर्यावरण खाते यांच्यात हॅनफोर्डच्या स्वच्छतेविषयी त्रिपक्षीय करार झाला. कोणते काम केव्हा पूर्ण व्हायला हवे, याच्या बांधील मुदती त्यात ठरविण्यात आल्या. कारखान्यात उरलेले प्लुटोनियम स्थिर स्वरूपात आणून बंदिस्त करण्याचे काम २००४ पर्यंत चालले. त्यानंतर हा साठा अन्यत्र हलविण्यात आला. राहिली ती इमारत आणि तिच्या भिंती, नळ्या, वायुवाहिन्या यांना चिकटून बसलेली चाळीस वर्षांची धूळ.

किरणे वेगळी, प्रदूषण वेगळे

येथे एक मूलभूत फरक समजून घेणे आवश्यक आहे. 'किरणोत्सर्ग' आणि 'किरणोत्सर्गी प्रदूषण' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. किरणोत्सर्ग म्हणजे पदार्थातून बाहेर पडणारी किरणे. त्या पदार्थापासून दूर गेले किंवा मध्ये पुरेसा आडोसा धरला, की त्यांचा मारा कमी होतो. प्रदूषण म्हणजे तो पदार्थच नको त्या जागी जाऊन बसणे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळलेला गुलाल मिरवणूक संपल्यावरही केसांत, चपलांना, मोटारीच्या आसनाला लागलेला असतो आणि मिरवणुकीकडे न फिरकलेल्या माणसाच्या उशीपर्यंत पोहोचतो. प्रदूषणाची चालही अशीच असते. फरक इतकाच, की गुलाल डोळ्यांना दिसतो. प्लुटोनियमचा कण दिसत नाही, त्याला वास नसतो आणि त्याचा स्पर्शही कळत नाही.

प्लुटोनियम-२३९ मधून प्रामुख्याने अल्फा कण बाहेर पडतात. हवेत ते काही सेंटिमीटरच जातात. साधा कागद किंवा त्वचेचा वरचा मृत थरही त्यांना अडवू शकतो. त्यामुळे शरीराबाहेर असताना या धातूचा उपद्रव अल्प असतो. मात्र त्याचा सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेला, की फुप्फुसातील जिवंत पेशींना तोच अल्फा मारा अगदी जवळून बसतो. तेथून हे द्रव्य रक्तावाटे हाडांत आणि यकृतात जाऊन वर्षानुवर्षे ठाण मांडू शकते. कर्करोगाची शक्यता त्यामुळे वाढते. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षे आहे. त्याच्या जोडीने आढळणाऱ्या अमेरिसियम-२४१ चे अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षे आहे. 'थोडे थांबू, आपोआप कमी होईल', हा मार्ग येथे उपलब्ध नाही.

कोंडण्याची साधने

चालू कारखान्यात या धुळीला एकात एक बसविलेल्या आवरणांत कोंडले जाते. सर्वांत आतले आवरण म्हणजे 'ग्लोव्हबॉक्स'. ही काचेची खिडकी असलेली बंद पेटी असते आणि तिच्या बाजूला रबराचे लांब हातमोजे कायमचे बसविलेले असतात. कामगार बाहेर उभा राहून मोज्यांत हात घालतो आणि आतील वस्तू हाताळतो. पेटीतील हवेचा दाब खोलीपेक्षा कमी आणि खोलीतील दाब बाहेरच्या मार्गिकेपेक्षा कमी ठेवला जातो. त्यामुळे कोठे फट पडली, तरी हवा बाहेरून आत जाते, आतून बाहेर येत नाही. आतील हवा अखेर अतिसूक्ष्म गाळण्यांतून जाते. ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडविण्याची या गाळण्यांची क्षमता असते.

माणसांच्या ये-जा करण्यावरही असेच निर्बंध असतात. परिसराचे स्वच्छ, संशयित आणि प्रदूषित असे विभाग पाडले जातात. प्रदूषित भागातून बाहेर पडताना वरचे कपडे, मोजे, पादत्राणांवरील आवरणे ठरलेल्या क्रमाने उतरवायची, शरीराची यंत्राने तपासणी करून घ्यायची आणि मगच सीमा ओलांडायची, असा दंडक असतो. जमीन, हत्यारे, दारांच्या मुठी यांवर कापडाची छोटी चकती फिरवून तिच्यावर काही निघते का, हे पाहिले जाते. तपासणीची ही जुनी आणि सोपी पद्धत आजही तितकीच विश्वासार्ह मानली जाते.

एवढी साधने असूनही अपघात झाले. ३० ऑगस्ट १९७६ रोजी हॅनफोर्डच्या याच कारखान्यात अमेरिसियम वेगळे करणाऱ्या विभागातील ग्लोव्हबॉक्समध्ये रासायनिक स्फोट झाला. पेटीसमोर काम करणारे ६४ वर्षांचे कर्मचारी हॅरॉल्ड मॅक्लस्की यांच्या चेहऱ्यात काच, धातूचे तुकडे आणि अमेरिसियम घुसले. कर्मचाऱ्यासाठी ठरविलेल्या मर्यादेच्या सुमारे पाचशे पट अमेरिसियम त्यांच्या शरीरावर आणि शरीरात गेले होते. किरणोत्सर्गी धातू शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाचे दीर्घ उपचार त्यांच्यावर झाले. ते वाचले आणि १९८७ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. स्फोट झालेली खोली मात्र दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. 'मॅक्लस्की खोली' या नावाने ओळखली जाणारी ही जागा साफ करणे, हे पुढे कारखाना मोडणाऱ्यांपुढचे सर्वांत कठीण कामांपैकी एक ठरले.

भिंत पाडण्याआधी

इमारत पाडण्यापूर्वी आतील दोनशेहून अधिक ग्लोव्हबॉक्स आणि धूर ओढणारे कक्ष साफ करून, कापून किंवा अखंड बाहेर काढावे लागले. कामगार हवा पुरविणारे मुखवटे आणि कपड्यांचे अनेक थर चढवून आत जात. उन्हाळ्यात या पोशाखात काम करणे हीच एक शिक्षा असते. उष्णतेमुळे कामाच्या पाळ्या छोट्या ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक पाळीनंतर कपडे उतरविण्याचा सोपस्कार पार पाडावा लागतो. प्लुटोनियम रिक्लमेशन फॅसिलिटी या जोडइमारतीत उंच आणि अरुंद टाक्यांच्या रांगा होत्या. प्लुटोनियमचे द्रावण एका जागी जास्त साठून अणुविखंडनाची साखळी सुरू होऊ नये, म्हणून त्या मुद्दाम अरुंद बनविलेल्या होत्या. त्या उतरविणे हे स्वतंत्र आव्हान होते.

कितीही घासले तरी काँक्रीटच्या छिद्रांत आणि नळ्यांच्या सांध्यांत गेलेले सर्व कण निघत नाहीत. जे निघत नाही, ते जागच्या जागी चिकटवून टाकले जाते. त्यासाठी रंगासारखा दाट द्रव फवारतात. वाळल्यावर त्याचा थर बनतो आणि धूळ त्याखाली अडकून राहते. पाडकाम सुरू असताना पाण्याचे बारीक तुषार सोडून हवेत उडालेले कण खाली बसविले जातात. सभोवती हवा तपासणारी यंत्रे लावली जातात. वारा ठरावीक वेगापलीकडे गेला, की काम थांबते.

या उपायांच्या भरवशावर नोव्हेंबर २०१६ मध्ये रिक्लमेशन फॅसिलिटीच्या पाडकामास प्रारंभ झाला. संपूर्ण इमारतीवर मंडप उभारून आत पाडकाम करण्याऐवजी उघड्यावर, यांत्रिक जबड्यांनी भिंती तोडण्याचा मार्ग निवडण्यात आला होता. किती धूळ उडेल आणि ती कोठवर जाईल, याचे गणित संगणकावर मांडण्यात आले होते.

दोन इशारे

८ जून २०१७ रोजी सकाळी हवा तपासणाऱ्या यंत्रांनी धोक्याची सूचना दिली. परिसरातील कर्मचाऱ्यांना ताबडतोब जवळच्या इमारतींत आश्रय घेण्यास सांगण्यात आले. त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या शारीरिक उत्सर्गाचे नमुने तपासले असता ३१ जणांच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्याचा अल्प अंश गेल्याचे आढळले. काही उपाय वाढवून काम पुन्हा सुरू झाले.

डिसेंबरमध्ये रिक्लमेशन फॅसिलिटीच्या शेवटच्या भागाचे पाडकाम चालू असताना दुसरी आणि अधिक गंभीर घटना उघडकीस आली. आखलेल्या सीमेबाहेर प्रदूषणाचे ठिपके सापडू लागले. सरकारी वाहनांवर, कर्मचाऱ्यांच्या खासगी मोटारींवर आणि ज्या तात्पुरत्या कार्यालयांत माणसे साध्या कपड्यांत वावरत होती, त्यांच्या आसपासही ते आढळले. कर्मचाऱ्यांची काही घरेही तपासावी लागली. डिसेंबरच्या मध्यानंतर पाडकाम थांबविण्यात आले. या वेळी ११ जणांच्या शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य गेल्याचे निष्पन्न झाले. वर्षभरातील एकूण संख्या ४२ झाली.

या व्यक्तींना मिळालेली मात्रा अल्प होती, हे येथे नमूद करायला हवे. शरीरात गेलेले प्लुटोनियम दीर्घकाळ राहत असल्याने पुढील पन्नास वर्षांत त्यापासून मिळणारी मात्रा एकत्र मोजली जाते. अधिकृत अंदाजानुसार ती सुमारे ०.२ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी होती. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. तरीही प्रश्न आकड्यापुरता नव्हता. सीमेच्या आत राहायला हवे असे द्रव्य सीमेबाहेर गेले होते आणि ते गेल्याचे उशिरा कळले होते. ज्याच्या मोटारीवर हे कण सापडले, त्याला 'मात्रा नगण्य आहे' एवढे सांगून त्याचे समाधान कसे होणार? आपण घरी काय घेऊन गेलो असू, ही शंका त्याच्या मनात राहणारच.

चूक कोठे झाली?

मार्च २०१८ मध्ये कंत्राटदार कंपनीने केलेल्या चौकशीचे निष्कर्ष समोर आले. धूळ चिकटविणारा द्रव पाणी घालून फार पातळ करण्यात आला होता. पाडकामाचा वेग वाढविण्यात आला होता. हवा तपासणाऱ्या यंत्रांवर गरजेपेक्षा अधिक भिस्त ठेवण्यात आली होती. त्रिपक्षीय करारानुसार हे काम सप्टेंबर २०१७ अखेर पूर्ण व्हायचे होते. ती मुदत टळून गेली होती आणि काम उरकण्याचा ताण सर्वांवर होता.

यांतील यंत्रांचा मुद्दा विशेष बोधप्रद आहे. हवेतील अल्फा कण मोजणाऱ्या यंत्रांना निसर्गातील रेडॉन वायूपासून बनणाऱ्या कणांचाही अडथळा होतो आणि खोटे इशारे मिळू शकतात. याउलट काही कण जड असतात किंवा वाळलेल्या द्रवाच्या पापुद्र्याला चिकटून उडतात. ते हवेत फार वेळ न तरंगता थोड्या अंतरावर जमिनीवर पडतात आणि यंत्राच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाहीत. जमिनीवर पडलेले असे कण पकडण्यासाठी कामाच्या जागेभोवती धातूच्या पसरट थाळ्या ठेवल्या जातात आणि त्यांवर काय जमले, हे ठरावीक वेळाने पाहिले जाते. यंत्र गप्प आहे, पण थाळीत कण आहेत, अशी स्थिती आली तर विश्वास थाळीवर ठेवायचा, हा या प्रकरणातून घेण्याजोगा धडा आहे.

पाण्याच्या तुषारांनाही दुसरी बाजू आहे. पाणी कमी पडले तर धूळ उडते. ते जास्त झाले तर कणांना घेऊन जमिनीवर वाहत जाते. ती जमीन वाळली, की वारा तेच कण पुन्हा उचलतो. पाडलेल्या मलब्याचा ढीग जितका मोठा आणि जितके दिवस उघडा, तितकी ही शक्यता अधिक. पाडण्याचा वेग हा मलबा उचलण्याच्या वेगापेक्षा जास्त असता कामा नये, हा साधा नियम त्यातून निघतो.

पुन्हा काम, पण सावकाश

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था आणि राज्याचे पर्यावरण खाते यांनी, आपले समाधान होईपर्यंत पाडकाम सुरू करता येणार नाही, असे ऊर्जा खात्याला लेखी कळविले. सप्टेंबर २०१८ मध्ये तुलनेने कमी जोखमीची कामे सुरू करण्यास अनुमती मिळाली. अधिक जोखमीचा भाग त्यानंतरच्या वर्षी हाती घेण्यात आला.

या वेळी नियंत्रित क्षेत्र मोठे करण्यात आले. कार्यालये आणि वाहने दूर नेण्यात आली. धूळ चिकटविणारा द्रव दाट ठेवण्यात आला. तपासणीचे नमुने वाढविण्यात आले. पाडणे आणि मलबा भरणे ही कामे एकाच वेळी न करता आलटून पालटून करण्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये मुख्य इमारत जोत्यापर्यंत उतरविण्यात आली आणि उरलेला मलबा हलविण्याचे काम २०२१ मध्ये संपले. कमी किरणोत्सर्गी मलबा हॅनफोर्डमधील खास बांधलेल्या भराव क्षेत्रात पुरण्यात आला. प्लुटोनियमचे प्रमाण अधिक असलेला कचरा न्यू मेक्सिको राज्यातील मिठाच्या थरात खोल खणलेल्या भूमिगत भांडारासाठी वेगळा काढला जातो.

हॅनफोर्डची कथा मात्र येथे संपत नाही. तेथील १७७ भूमिगत टाक्यांत शीतयुद्धकाळातील सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सर्गी कचरा साठविण्यात आला. त्याचा निपटारा हे आणखी अनेक दशकांचे काम आहे.

ट्रॉम्बेच्या संदर्भात

मुंबईकरांना हा विषय परका नाही. भारताचा प्लुटोनियम वेगळे करण्याचा पहिला कारखाना १९६४ मध्ये ट्रॉम्बे येथेच सुरू झाला. काही वर्षे चालविल्यानंतर १९७० च्या दशकात तो थांबवून त्याची आतून स्वच्छता करण्यात आली, जुनी सामग्री काढण्यात आली आणि वाढीव क्षमतेसह १९८० च्या दशकात तो पुन्हा कार्यान्वित झाला. म्हणजे किरणोत्सर्गी कारखाना उघडून साफ करण्याचा अनुभव भारतीय तंत्रज्ञांनी फार पूर्वीच घेतलेला आहे. ट्रॉम्बे येथीलच 'सायरस' ही संशोधन अणुभट्टी ५० वर्षांच्या सेवेनंतर ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद करण्यात आली. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या आहेत. आज ना उद्या त्यांच्याही निवृत्तीचा प्रश्न येणार आहे.

किरणोत्सर्गी क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी भारतातील अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा घालून दिली आहे. हे आकडे आवश्यकच आहेत. तथापि, हॅनफोर्डमधील ४२ जणांपैकी कोणीही अशा मर्यादेच्या जवळपासही गेला नव्हता आणि तरीही काम महिनोन्‌महिने बंद ठेवावे लागले. मोडीत निघणाऱ्या अणुकारखान्यात मात्रेचा आकडा हिशेबाच्या अखेरीस येतो. त्याआधी द्रव किती दाट आहे, ढीग किती दिवस उघडा आहे, थाळीत आज काय जमले आणि संध्याकाळी घरी निघालेल्या कामगाराची मोटार तपासली का, हे रोजचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत यंत्राचा जबडा थांबवून ठेवण्याचा अधिकार आणि धैर्य कामाच्या जागी असलेल्या माणसाकडे असायला हवे.